मालकाने कागद पाहिला, संपली जबाबदारी?

मंडळी, यावेळचा विषय जरा कडू आहे. नातेवाइकांपैकी काहींना लागेल. लागू दे.

गेल्या दिवाळीत माझा भाचा आला होता. टेक्सासला असतो, बावीस वर्षे झाली, आता तिकडचा नागरिक आहे. चकली खाता खाता बेकायदा स्थलांतरितांचा विषय निघाला आणि तो म्हणाला, "मावशी, अगं किती सोपं आहे! मालकाने कॉम्प्युटरवर नाव टाकायचं. हो आलं तर कामावर ठेवायचं, नाही आलं तर घरी पाठवायचं. सगळ्या देशात हे सक्तीचं करा. काम मिळालं नाही की आपोआप परत जातील. भिंत नको, पोलीस नको."

माझी बहीण कौतुकाने बघत होती. मी गप्प राहिले, कारण सणाचा दिवस होता आणि मला तेव्हा नीट मुद्देसूद उत्तर सुचले नाही. माझे असेच होते, उत्तर सुचते ते भांडी घासताना. पण हे सोपे अजिबात नाही आणि जे सोपे दिसते आहे ते कोणाच्या जिवावर, हे मला सांगायचे आहे.

आधी थोडा इतिहास. (चौतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले, सवय जात नाही.)

१९५२ साली अमेरिकेने कायदा केला की बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा. पण त्याच कायद्यात एक पुस्ती जोडली : अशा माणसाला नोकरीवर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे! टेक्सासच्या बड्या शेतकऱ्यांना मेक्सिकोचे मजूर हवे होते, म्हणून या पुस्तीला नावच 'टेक्सास प्रोव्हायझो' पडले. म्हणजे त्या मजुराला कोणी रात्री ओसरीवर निजू दिले तर तो गुन्हेगार, आणि दिवसभर उन्हात राबवून घेतले तर तो सभ्य शेतकरी. ही स्थिती चौतीस वर्षे चालली. माझ्या नोकरीइतकीच!

मग १९८६ चा मोठा कायदा आला. ६ नोव्हेंबर १९८६ ला अध्यक्ष रेगन यांनी सही केली. त्यात एक सौदा होता. जे आधीपासून राहात आहेत त्यांना कायदेशीर करायचे, आणि यापुढे कागद नसलेल्याला कामावर ठेवले तर मालकाला दंड. पहिला भाग पार पडला, सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. दुसऱ्या भागाचे काय झाले तीच खरी गोष्ट आहे.

त्या कायद्याने 'आय-नाइन' नावाचा एक फॉर्म जन्माला घातला. आज अमेरिकेत कोणीही नोकरीला लागले, मग तो तिकडे सात पिढ्या राहिलेला असो की काल उतरलेला असो, त्याला पहिल्या दिवशी हा फॉर्म भरावा लागतो. मालकाने तीन कामाच्या दिवसांत कागदपत्रे पाहून सही करायची. कोणती कागदपत्रे दाखवायची हे कामगार ठरवतो, यादीतली कोणतीही चालतात. अमुकच आण असे मालक म्हणू शकत नाही. आणि मालकाने पाहायचे काय? तर कागद वरवर पाहता खरा वाटतो का. बस्स. खरा आहे का ते नव्हे, खरा वाटतो का. त्यानंतर मालकाला शिक्षा व्हायची तर त्याने 'जाणूनबुजून' ठेवले असे सिद्ध व्हायला हवे.

आता एक आमची गोष्ट सांगते, म्हणजे कागद खरा वाटणे हे काय प्रकरण असते ते कळेल.

नोकरीची पहिली काही वर्षे मी प्राथमिक शाळेत होते. जून महिन्यात आयाबाया पोरांना बखोटीला धरून आणायच्या. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचे, "पोळ्याच्या आदल्या दिशी झाला," नाहीतर "दुष्काळात, रोजगार हमीच्या खडीवर असताना." मग आम्ही काय करायचो? जनरल रजिस्टरात लिहायचो १ जून. वर्ष असे धरायचे की पोरगे सहा वर्षांचे भरेल. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्या माणसांची जी गर्दी आहे ना, ती आम्हा मास्तर-बाईंची करणी आहे. त्या रजिस्टरावरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टावरून व्हिसा. शिक्का खरा, सही खरी, तारीख आमच्या मनातली. अमेरिकेतही अशी कितीतरी १ जूनवाली मराठी माणसे सन्मानाने राहतात. आमच्या नात्यात दोन आहेत. कागद पूर्ण कायदेशीर!

त्यामुळे कागद म्हणजे सत्य असे मला कोणी सांगू नये. कागद म्हणजे कोणीतरी भरलेला रकाना.

असो. तर १९८६ नंतर झाले असे की मालक सुटला. पूर्वी तो निदान म्हणायचा तरी की मला माणसे लागतात. आता तो म्हणू लागला, मी तर कागद पाहिले, वरवर खरे वाटले, ही बघा फाइल. तीनशे माणसांची तीनशे खोटी कार्डे, आणि मालकाची फाइल अगदी चोख. दंड होता, नाही असे नाही. मूळ कायद्यात पहिल्या वेळी माणशी २५० ते २००० डॉलर. पण मुळात कोणी तपासायला येतो कधी, आणि आला तर 'जाणूनबुजून' सिद्ध करतो कसा? सिराक्यूज विद्यापीठाचा एक गट सरकारी खटल्यांची मोजदाद ठेवतो. एप्रिल २०१८ ते मार्च २०१९ या बारा महिन्यांत साऱ्या अमेरिकेत बेकायदा कामगार जाणूनबुजून ठेवल्याबद्दल खटले भरले गेले ते ११ व्यक्तींवर. कंपन्या? शून्य.

आणि कामगारांवर? त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी मुलाकडे न्यू जर्सीला होते. ७ तारखेला मिसिसिपीत कोंबड्या कापण्याच्या कारखान्यांवर धाडी पडल्या. एका दिवसात ६८० कामगार पकडले. तिथल्या काही मुलांचा तो शाळेचा पहिला दिवस होता. मुले घरी आली तर दाराला कुलूप. टीव्हीवर एक अकरा वर्षांची मुलगी रडत रडत वडिलांना सोडा म्हणत होती. मी बाई आहे हो, म्हणजे शाळेतली बाई. पहिल्या दिवशीचे मूल कसे दिसते ते मला माहीत आहे. नवे दप्तर पाठीवर तसेच असते. त्या दिवशी जेवण गेले नाही.

वर्षभराने, २०२० च्या ऑगस्टमध्ये, चार व्यवस्थापकांवर आरोपपत्र ठेवले गेले. ६८० ला चार. आणि आणखी एक गोष्ट वाचली, ती तर कमालच आहे. त्यातल्या एका कंपनीने आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, लॅटिन अमेरिकी कामगारांच्या छळाच्या दाव्यात साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली होती. तक्रार करायला ही माणसे पुढे आली, पैसे मिळवले, आणि पुढच्या वर्षी त्याच कारखान्यावर धाड. या दोहोंचा संबंध आहे असे मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण पुढच्या कारखान्यातला कामगार यातून काय धडा घेईल ते तुम्हीच सांगा.

याच्याही आधी, १२ मे २००८ ला, आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल नावाच्या गावी असेच झाले होते. गाव केवढे, तर जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचे. तिथल्या मांसाच्या कारखान्यातून ३८९ माणसे धरली. बहुतेक ग्वाटेमालाची, काहींची तर स्पॅनिशही दुसरी भाषा, मूळची माया लोकांची बोली. गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर कोर्ट भरवले. हो, गुरांच्या! दहा दहाच्या गटाने उभे करून गुन्हा कबूल करून घेतला. दुसऱ्याचा नंबर वापरला म्हणून बहुतेकांना पाच महिने तुरुंग, मग हद्दपारी. तिथे दुभाषी म्हणून गेलेले स्पॅनिशचे एक प्राध्यापक, एरिक कामायद-फ्रेइखास, हादरून गेले आणि दुभाष्याने गप्प राहण्याचा संकेत मोडून त्यांनी सगळे लिहून काढले. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे काय हेच अनेकांना ठाऊक नव्हते, असे ते लिहितात. कारखान्याने कागद हातात दिले, यांनी सही केली.

आणि मालकाच्या बाजूचा साहेब? त्याला शिक्षा झाली, मोठी झाली, २७ वर्षे. पण कशाबद्दल? बँकेला फसवले म्हणून! बेकायदा कामगार ठेवल्याचे ७२ आरोप होते, ते सरकारने नंतर काढून घेतले. मग २०१७ च्या डिसेंबरात अध्यक्ष ट्रम्प यांनी उरलेली शिक्षाही माफ केली.

गंमत (गंमत कसली!) अशी की 'जाणूनबुजून' हा जो शब्द मालकाला १९८६ पासून छत्रीसारखा मिळाला होता, तो मजुराला मिळायला २००९ साल उजाडले. त्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की दुसऱ्याची ओळख चोरल्याचा मोठा गुन्हा लावायचा असेल तर तो नंबर खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होते असे सिद्ध करा. पोस्टव्हिलची माणसे तोवर शिक्षा भोगून हद्दपार झाली होती.

आता भाच्याचा कॉम्प्युटर. त्याला म्हणतात ई-व्हेरिफाय. १९९७ मध्ये पाच राज्यांत प्रयोग म्हणून सुरू झाला. मालक आय-नाइन वरची माहिती सरकारकडे पाठवतो, सरकारी नोंदीशी ताडून उत्तर येते. ॲरिझोनाने २००८ पासून सगळ्या मालकांना सक्ती केली, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये ती योग्य ठरवली, मग दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांनी कमीजास्त प्रमाणात कित्ता गिरवला. देशभर सक्ती मात्र झालेली नाही.

हे यंत्र काय तपासते? नाव, नंबर, जन्मतारीख जुळते का एवढेच. समोर उभा आहे तो तोच माणूस आहे का हे त्याला कळत नाही. म्हणजे खोटा नंबर घेऊन गेलात तर पकडले जाल, पण दुसऱ्याचा खरा नंबर घेऊन गेलात तर पास. सरकारनेच करून घेतलेल्या पाहणीत, २००९ च्या अहवालात, असे निघाले की यंत्रात घातलेल्या बेकायदा कामगारांपैकी अंदाजे ५४ टक्क्यांना 'हरकत नाही' असेच उत्तर मिळाले. नाणेफेक केली असती तरी जवळपास तेच! पुढे फोटो जुळवणी वगैरे सुधारणा केल्या, तरी उसन्या ओळखीचा प्रश्न सुटला नाही. २००६ च्या डिसेंबरात स्विफ्ट या मांस कंपनीच्या सहा कारखान्यांतून जवळजवळ तेराशे माणसे पकडली, ती कंपनी या प्रयोगात पहिल्यापासून सामील होती. २०२५ च्या जूनमध्ये ओमाहा शहरात एका मांस कारखान्यातून सत्तरहून अधिक कामगार नेले, तो कारखानाही ई-व्हेरिफाय वापरत होता.

इथे मालकांच्या बाजूनेही एक सांगितले पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. त्याच स्विफ्टने पूर्वी कामगारांची जास्त खोलात चौकशी केली, तर सरकारच्याच दुसऱ्या खात्याने भेदभावाचा दावा लावला आणि कंपनीला पैसे भरून मिटवावे लागले. कमी विचारले तर गुन्हा, जास्त विचारले तर गुन्हा. प्रामाणिक मालकाची कुचंबणा होते, हे खरे आहे. आणि जो नियमाने चालतो त्याचे टेंडर रोखीत पगार देणाऱ्यापेक्षा महाग पडते, हेही खरे. तपासणी हवी म्हणणारे सगळे दुष्ट असतात असे मी मुळीच मानत नाही. टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन, मोठ्या मानाच्या कृष्णवर्णीय नेत्या, त्यांच्या आयोगानेही १९९४ मध्ये अशीच संगणकी पडताळणी सुचवली होती. गरीब अमेरिकन मजुराची मजुरी पडू नये ही त्यामागची कळकळ होती.

पण यंत्राचा फटका कोणाला बसतो पाहा. आमची सूनबाई. २०१६ मध्ये नागरिक झाली, २०१८ मध्ये नवी नोकरी धरली. यंत्र म्हणाले, जुळत नाही. का? तर आपल्या मराठी बायकांची नावे! पासपोर्टात पहिल्या नावातच नवऱ्याचे नाव घुसलेले, सोशल सिक्युरिटीत माहेरचे आडनाव, नागरिकत्वाच्या दाखल्यावर तिसरेच काही. आठ सरकारी कामाच्या दिवसांत संबंधित कार्यालयाशी संपर्क साधायचा. तिने अर्धा दिवस रजा टाकली, ऑफिसात गेली, मिटले. तिचा साहेब म्हणाला, काही घाई नाही. ती इंजिनिअर आहे, गाडी आहे, इंग्रजी येते. कोंबड्यांच्या कारखान्यातल्या बाईला, ती कायदेशीर असली तरी, अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर उद्या येऊ नको म्हणतील.

आपल्या लोकांचे या यंत्रावर प्रेम का आहे तेही मला ठाऊक आहे. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना शिक्षणानंतर काम करण्याची मुदत वाढवून हवी असेल, इंजिनिअरिंग-विज्ञानवाल्यांना, तर मालक ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेला असावा लागतो. २००८ पासून तसा नियम आहे. त्यामुळे आपली पोरे नोकरी शोधताना पहिला प्रश्न तोच विचारतात. ज्याने आपले दार उघडले ते यंत्र चांगले वाटणारच. भाचा अकरा वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत होता, एकेका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, भारताची रांग लांबच लांब. त्याचा राग मला समजतो. "आम्ही रांगेत उभे राहिलो आणि हे कुंपणावरून आले." पण बाळा, ग्वाटेमालाच्या शेतमजुराला उभे राहायला रांगच नाही रे! कोंबडी कापणाऱ्यासाठी तुझ्या एच-वन सारखी खिडकी कुठे आहे? अकुशल कामाच्या कायम व्हिसाचा कोटा साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला दहा हजारांच्या आत आहे.

आता माझ्या मूळ रागाकडे येते. कागद तपासण्याची जबाबदारी मालकावर टाकली की ती जबाबदारी राहात नाही, ते हत्यार होते.

मी एका खासगी संस्थेत दोन वर्षे काढली आहेत. नाव घेत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची 'मान्यता' यायची होती. ज्यांना अनुभव आहे त्यांना कळेल. मान्यता नसलेला शिक्षक म्हणजे कागद नसलेला मजूर. सही पूर्ण पगाराची करायची, हातात यायचा निम्मा. आमच्यातल्या एका सरांनी एकदा विचारले, बाकीचे कुठे जातात? दुसऱ्याच आठवड्यात संस्थेला शोध लागला की त्यांच्या फाइलमध्ये एक दाखला कमी आहे. तीन वर्षे कमी नव्हता! सर गेले. आम्ही बाकीचे खाली मान घालून हजेरी घेत राहिलो. मीसुद्धा. त्याची लाज मला आजही वाटते.

अगदी हेच अमेरिकेत होते. न्यू जर्सीत मुलाच्या घरी एक आड एक गुरुवारी साफसफाईला एक बाई यायच्या, इक्वेडोरच्या. त्यांचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी साधारण एकाच इयत्तेचे. नात शाळेत स्पॅनिश शिकत होती, ती सुट्टीत घरी असली की मधे बसून सांगायची. पूर्वी त्या एका गोदामात पॅकिंग करायच्या. जादा तासांचे पैसे मिळेनात म्हणून चौघीजणींनी मिळून विचारले. नंबर जुळत नाहीत अशी सरकारची पत्रे त्या काळात मालकांना जात होती. त्या पत्रावरून कोणालाही काढू नका असे पत्रातच लिहिलेले असते. मालकाने ते पत्र खणातून काढले आणि चौघींनाच बोलावले. गोदामात बाकी कोणाचे नंबर जुळत नव्हते की नाही, ते त्याने बघितले नाही.

आणि कायदा काय म्हणतो? केलेल्या कामाची मजुरी दिलीच पाहिजे, कागद असोत नसोत. पण युनियन बांधतो म्हणून बेकायदेशीरपणे काढून टाकले, तर एरवी कामगाराला मधल्या काळाचा पगार मिळतो, तो कागद नसलेल्याला मिळणार नाही. हा निकाल सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. प्लॅस्टिकच्या कारखान्यातल्या एका कामगाराचे जवळपास ६७ हजार डॉलर गेले. कायदा मोडला मालकाने, पैसे वाचले मालकाचे. मग कागद नसलेला कामगार ठेवणे शहाणपणाचे की नाही? म्हणूनच अमेरिकेच्या मोठ्या कामगार महासंघाने, ज्याने १९८६ मध्ये मालकांना दंड हवा म्हणून आग्रह धरला होता, त्याच महासंघाने २००० मध्ये जाहीर केले की हे चुकले, हे रद्द करा.

शिवाय हुशार मालक मालकच राहात नाही. मधे ठेकेदार घालतो. आपल्या ऊसतोडीत नाही का, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो उचल कारखान्याची, आणि कोयता मात्र दोघांच्याही खिजगणतीत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जॉर्जियात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावरून सुमारे ४७५ माणसे धरली, त्यातले तीनशेहून अधिक कोरियाचे. ह्युंदाईने सांगितले, यातले थेट आमच्या नोकरीत कोणी नाही. कारखान्यावर पाटी कोणाची होती?

मग तुझे म्हणणे काय, तपासूच नये का, असे भाचा विचारील. तपासा. पण आधी पगार तपासा. किती तास, किती पैसे, यंत्राला जाळी आहे का, बोटे शाबूत आहेत का. त्यासाठी जाणाऱ्या निरीक्षकाने कामगाराचा पासपोर्ट मागायचा नाही. कागद नसलेला माणूस ठेवून मालकाला एक डॉलरही वाचत नसेल तर तो ठेवील कशाला? तक्रार करणाऱ्याला इमिग्रेशनची धमकी दिली तर मालकाला दंड, असे कायदे कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये आणि न्यू जर्सीने २०२४ मध्ये केले आहेत, म्हणजे हे माझ्या डोक्यातले खूळ नाही. ठेकेदाराच्या वरच्यालाही धरा. आणि पडताळणी सक्तीची करायचीच असेल तर १९८६ च्या सौद्यासारखी करा, जे वर्षानुवर्षे राबत आहेत त्यांना आधी कागद द्या. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी असेच विधेयक मंजूर केले होते. ई-व्हेरिफाय सगळ्यांना सक्तीचे आणि आधीच्यांना तेरा वर्षांची नागरिकत्वाची वाट. दुसऱ्या सभागृहाने ते मतालाच घेतले नाही. मग २०२३ मध्ये त्या सभागृहाने आपले विधेयक केले, त्यात यंत्राची सक्ती ठेवली आणि वाट गाळली. भाचा जे सोपे म्हणतो ते हेच. तिकडची दुकाने, शेते, गोठे, हॉटेलांची स्वयंपाकघरे एका दिवसात रिकामी होणार नाहीत. माणसे तिथेच राहतील, फक्त रजिस्टरातून निघून रोखीच्या पाकिटात जातील.

शेवटी घरातलेच बोलते. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी झोई बेअर्ड या नामांकित वकीलबाईंना ॲटर्नी जनरल करायचे ठरवले होते. घरी पेरूचे कागद नसलेले जोडपे कामाला ठेवले आणि कर भरला नाही हे बाहेर आले, माघार घ्यावी लागली. देशाच्या कायद्याची प्रमुख होऊ घातलेली बाई! तेव्हापासून सगळे शहाणे झाले. ठेवायचे सोडले नाही, विचारायचे सोडले.

मी मुलाला विचारले होते, या गुरुवारच्या बाईंचे कागद पाहिलेस का? तो म्हणाला, "आई, त्या स्वतंत्र व्यवसाय करतात, आम्ही त्यांचे मालक नाही. फॉर्म लागत नाही." कायद्याने बरोबर आहे. मी म्हटले, पण नाहीत हे तुला माहीत असेल तर? तो म्हणाला, "म्हणून तर विचारायचं नसतं." माझा मुलगा सज्जन आहे, त्यांना दिवाळीला जादा पैसे देतो, बर्फात गाडी अडकली तर सोडायला जातो. तरीही हे वाक्य त्याच्या तोंडून इतके सहज आले की मी हातातली भाजी निवडायची थांबले. बाईंचे नाव मी इथे लिहिलेले नाही, कारण उघड आहे.

भाच्या, तू हे वाचशील हे मला ठाऊक आहे, तुझी आई वाचून दाखवीलच. उत्तर जरूर दे, चांगले सविस्तर दे. पण त्याआधी एक काम कर. तुझ्या घरी दर शनिवारी गवत कापायला तिघे येतात ना, मी स्वतः पाहिले आहेत, त्यातला एक अगदी पोरगेला आहे. त्यांना तासाला किती मिळतात ते विचार. तुझ्या कंत्राटदाराला नको, त्यांना विचार.